चालता प्रोग्रॅम केव्हा बदलावा?



ऊस नोंद, तोडणी चिठ्ठी, काट्यावरचे वजन आणि बिल ही सारी कामे आता संगणकावर होतात. त्याचा प्रोग्रॅम कोणी मुळापासून लिहीत नाही. ट्रकची बॉडी जशी तयार चासीवर बांधतात, तसा तो तयार सांगाड्यावर उभारतात. संगणकवाले या सांगाड्याला फ्रेमवर्क म्हणतात. त्याची नवी आवृत्ती निघाली की शेतकी खात्यात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "चालतंय ना, मग कशाला हात लावता?" दुसरा म्हणतो, "नवं आलंय, आजच घेऊन टाका." आमच्या मते दोघांचेही चुकते.

घाईचे फळ आम्ही पाहिले आहे. एका वर्षी ऐन गळितात असा बदल झाला. नव्या आवृत्तीने तारखेतील दिवस व महिना उलटा वाचला. 10 ऑगस्टची आडसाली लागण 8 ऑक्टोबरची दिसू लागली आणि तोडीचा नंबर मागे गेला. 13 तारखेपासून पुढच्या नोंदी मात्र बरोबर होत्या, कारण तेरावा महिना नसतो; म्हणून चूक चटकन ध्यानात आली नाही. चिटबॉयच्या वहीशी ताडून पाहिले तेव्हा उलगडा झाला. तोवर पक्व ऊस उभा राहिला, वजन घटले, वर पाण्याची एक पाळी जास्त द्यावी लागली. अंबड-घनसावंगी भागात एका पाळीची किंमत काय असते ते सभासदांना सांगायला नको.

पण म्हणून जुन्यालाच चिकटून बसावे काय? तेही नाही. प्रत्येक आवृत्तीला दुरुस्तीची मुदत असते. जँगो नावाच्या सांगाड्याची नवी आवृत्ती सुमारे आठ महिन्यांनी येते, पण ठराविक आवृत्त्यांनाच तीन वर्षे दुरुस्ती मिळते. एप्रिल 2023 मध्ये आलेल्या 4.2 ची मुदत एप्रिल 2026 पर्यंतची होती. मुदत संपली की सापडलेली चोरवाट कोणी बुजवत नाही, आणि आत तर सभासदांचे बँक खाते नंबर असतात. अँगुलरजेएसची मदत 31 डिसेंबर 2021 रोजी संपली. पुढची आवृत्ती इतकी वेगळी होती, की थांबून राहिलेल्यांना बरेचसे काम नव्याने करावे लागले. तहान लागल्यावर विहीर खणण्यातला हा प्रकार.

उसाच्या जातीबाबत आपण काय करतो? को 86032 ची शिफारस 1996 साली झाली, फुले 265 ची 2007 साली. नवी जात आली म्हणून कोणी उभा ऊस मोडला नाही. आधी चार सऱ्या लावल्या, उतारा पाहिला, मग क्षेत्र वाढवले. संगणकालाही हाच न्याय लावावा.

आमचे म्हणणे असे. बदल गळीत संपल्यावर, आडसाली नोंदी सुरू होण्याआधी करावा. दर नव्या आवृत्तीमागे न धावता जास्त मुदतीची घ्यावी आणि जुनीची मुदत संपण्याआधी किमान एक हंगाम हातात ठेवावा. मागील हंगामाच्या सर्व नोंदी व बिले नव्यावर चालवून पाहावीत. एका रुपयाचाही फरक आला तर कारण सापडेपर्यंत थांबावे. पहिल्या वर्षी एका गटात वहीसुद्धा चालू ठेवावी. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार बिल 14 दिवसांत द्यायचे असते. तिथे "संगणक बंद होता" ही सबब चालत नाही.

सभासदांनीही नोंद पावती हाती पडताच लागणीची तारीख, जात व गट नंबर तपासावा. काटा पावती जपून ठेवावी. संगणक जुना असो की नवा, आपला ऊस केव्हा लावला हे आपल्याइतके कोणालाच ठाऊक नसते.