निर्यात मोठ्यांचीच, हा भ्रम सोडा

सुरतेच्या इच्छापोर, उधना, पांडेसरा या पट्ट्यात स्वतःची शेड टाकलेल्या मराठी कारखानदारांपुढे गाड्यांच्या सुट्या भागांच्या निर्यातीचा विषय काढा, तीन आक्षेप हमखास पुढे येतात. तिन्ही तपासून घ्यायला हवेत, कारण त्यांच्या आड आपण एक चालता बाजार सोडून देत आहोत.

पहिला आक्षेप: परदेशी बाजार भारत फोर्ज आणि बजाजसारख्यांचा, लहानांनी जॉबवर्क करावं. इच्छापोरच्या रत्न-दागिने पार्कच्या परिसरात तरी हे कुणी बोलू नये. सुरतेचा हिऱ्याचा धंदा वाढला तो चार-चार घंट्यांच्या, म्हणजे हिरे घासायच्या चाकांच्या, कारखान्यांवर. रफ, म्हणजे कच्च्या हिऱ्यांची खेप, परदेशातून आली, पैलू इथे पडले, माल पुन्हा परदेशी गेला. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचं कास्टिंगही देशाबाहेर जातं. कारखाना लहान आहे म्हणून गिऱ्हाईक तुटत नाही. पहिला नग आणि हजारावा नग सारखा नसला की तुटतं.

दुसरा आक्षेप: मे 2025पासून अमेरिकेने वाहनांच्या अनेक सुट्या भागांवर 25 टक्के शुल्क लावलं, आता दार बंद झालं. झळ खरी आहे. पण अमेरिका म्हणजे जग नव्हे. 2024-25मध्ये भारतातून सुमारे 53 लाख वाहनं निर्यात झाली. त्यांतली जवळपास 42 लाख दुचाकी होती. केनिया-युगांडातल्या बोडा-बोडा, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकली, दिवसभर रस्त्यावर असतात आणि त्यांत भारतीय गाड्या भरपूर आहेत. त्यांचे ब्रेक शू झिजतात, क्लच प्लेटी जळतात, चेन-स्प्रॉकेट बदलावे लागतात. नवी गाडी विकणं मोठ्या कंपनीचं काम. ती पुढची कित्येक वर्षं चालती ठेवणं हा लहान कारखान्याचा बाजार आहे.

तिसरा आक्षेप: चिनी मालाच्या भावापुढे आपण टिकणार नाही. नुसत्या भावावर नाहीच टिकणार. पण भाड्याची गाडी चालवणाऱ्याचा दिवस बुडाला की कमाई बुडते, म्हणून टिकणाऱ्या भागाला तो दोन पैसे जास्त मोजू शकतो. स्प्रॉकेटच घ्या. दात इंडक्शन हार्डनिंगने नीट कडक झाले नाहीत तर ते लवकर झिजून आकड्यासारखे होतात आणि नवी चेनही खातात. फार कडक झाले तर तुटतात. तो मधला बिंदू प्रत्येक लॉटमध्ये गाठणं हेच आपलं भांडवल.

मग करायचं काय? दहा वस्तूंमागे न धावता एकच वस्तू धरा. केनिया, नायजेरियासारख्या देशांत ठरावीक मालाला जहाजावर चढण्याआधीच गुणवत्तेचं प्रमाणपत्र लागतं. त्याची तयारी ऑर्डर येण्यापूर्वी करा. कंटेनरमध्ये समुद्रावर दमटपणा धरतो, म्हणून गंजरोधक तेल आणि गंज रोखणारा व्हीसीआय कागद यांत काटकसर नको. पैसे बुडण्याची भीती असेल तर ईसीजीसी या सरकारी निर्यात-पत विमा कंपनीचा विमा आहे. आणि नामांकित कंपनीच्या नावाचा खोटा डबा छापू नका. एका नकली खेपेने शेजारच्या दहा प्रामाणिक कारखान्यांची पत जाते.

राहिला चाचणीचा खर्च. कडकपणा आणि घर्षण मोजणारी यंत्रं एकट्याला परवडत नाहीत, हे मान्य. पण लघुउद्योगांच्या समूह विकास योजनेत सामाईक सुविधा केंद्राला केंद्र सरकारचं अनुदान मिळतं. हजिऱ्याचं पोलाद शेजारी, हजिऱ्याचं बंदर शेजारी. मधे उणीव आहे ती अशा एका प्रयोगशाळेची. कारखानदारांनी संघटनेमार्फत तिचा प्रस्ताव यंदाच दाखल करावा. बाजार नाही ही तक्रार त्यानंतर कुणाला करता येणार नाही.