मँचेस्टरच्या कादंबऱ्या व केळापूरचा कापूस

पांढरकवड्याच्या बाजारांत कापूस येऊं लागला म्हणजे भाव, वजन आणि ओल यांवांचून दुसरें बोलणें कानीं पडत नाहीं. अशा वेळीं व्हिक्टोरिया राणीच्या काळांतील इंग्रजी कादंबऱ्यांचा विषय काढणें म्हणजे लग्नघरीं व्याकरण सांगणें होय, असें आमचे कांहीं वाचक म्हणतील. परंतु त्या वाङ्मयाचा व केळापूर तालुक्याचा संबंध कापसाचा आहे, आणि तो बराच जुना आहे.

१८५३ सालीं निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या हातीं आलें. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, आणि गिरणीवाल्यांची दृष्टि आमच्या काळ्या जमिनीकडे वळली. भाव चढले, १८६५ सालीं युद्ध संपल्यावर ते उतरले. लिव्हरपूलच्या बाजारांत वऱ्हाडी कापसाला अमरावतीवरून पडलेलें ‘उमरा’ हें नांव मात्र पुढें पुष्कळ वर्षें टिकलें.

याच गिरण्यांवर त्या देशांत कादंबऱ्या लिहिल्या गेल्या. एलिझाबेथ गॅस्केल ही मँचेस्टरांतील एका धर्मोपदेशकाची पत्नी. तिची ‘मेरी बार्टन’ १८४८ सालीं लेखिकेच्या नांवावांचून निघाली, आणि आपली बाजू मांडलीच नाहीं म्हणून गिरणीमालक रागावले. १८५५ च्या ‘नॉर्थ अँड साउथ’मध्यें तिनें मालकालाच नायक केलें, तथापि संपवाल्या मजुराचें तोंड बंद केलें नाहीं. डिकन्सची हकीकत तर आमच्या पेठेला सहज समजेल. १८२४ सालीं बाप कर्जापायीं मार्शलसीच्या तुरुंगांत पडला, तेव्हां बारा वर्षांचें हें पोर बुटाच्या काळ्या रोगणाच्या डब्यांवर चिठ्या चिकटवीत होतें. पुढें त्याच तुरुंगावर त्यानें ‘लिटल डॉरिट’ लिहिली. कर्जासाठीं माणसाला कोंडण्याची चाल १८६९ च्या कायद्यानें बहुतांशीं मोडली, त्याचें श्रेय एकट्या कादंबरीला देणें भाबडेपणाचें होईल. पण त्यापूर्वीं तीस वर्षें इंग्लंडांतील दुकानदार आणि सावकार अशीं प्रकरणें महिन्याच्या महिन्याला पैसे देऊन वाचीत होते, हें आम्हांस विशेष वाटतें. आपल्याच खतावणीची दुसरी बाजू त्यांनीं वाचली. चिडले, तरी वाचली.

त्या लेखकांनाही गोदीपलीकडचें दिसलें नाहीं, हें खरें. ‘नॉर्थ अँड साउथ’मधील बेसी ही मजूर मुलगी कापसाच्या तुसानें छाती भरून मरते, तो कापूस कोणीं पेरला, कोणीं वेंचला, याचा त्या पुस्तकांत पत्ता लागत नाहीं. ही उणीव भरून काढणें आमचें काम होतें.

तें आम्हीं केलें काय? अकोल्यास शिकलेल्या आगरकरांनीं मिल्ल आणि स्पेन्सर वाचले, १८८८ सालीं ‘सुधारक’ काढला. स्त्रियांच्या दास्यावरील मिल्लचा ग्रंथ १८६९ चा. त्याच प्रश्नाला हरिभाऊ आपट्यांनीं ‘पण लक्षांत कोण घेतो’मध्यें मराठी घर दिलें. हें ऋण लहान नव्हे. परंतु मिल्ल ज्यांनीं उचलला त्यांनीं गॅस्केलबाईला जागच्या जागीं ठेवलें. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्याकडे तत्कालीन शिष्ट मंडळींनीं बहुधा पाठच फिरविली. वाड्यांतल्या विधवेसाठीं पांढरपेशा वाचक रडला. कपाशीच्या धुऱ्यावरची विधवा त्याच्या वाचनांत आलीच नाहीं. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ निघाली ती २००२ सालीं.

इतक्यांत यवतमाळ जिल्ह्याचें नांव देशभर झालें, तें शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें. मरणानंतर सरकारी कागदांत त्या माणसाची ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ अशी वर्गवारी होते, आणि मदत मिळेल कीं नाहीं हें त्या शब्दावर ठरतें. डिकन्सच्या हातीं हा शब्द लागता तर त्यानें त्यावर एक अख्खें प्रकरण खर्ची घातलें असतें. इंग्लंडांत विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेचा हक्क १८८२ च्या कायद्यानें मिळाला. आमच्याकडे १९५६ च्या वारसा कायद्यानें हिंदु विधवा नवऱ्याच्या मिळकतीची पहिल्या वर्गांतील वारस ठरली. पण जमीन सासऱ्याच्या नांवें असली म्हणजे हा हक्क बजावून घेण्यास फेरफाराची खटपट, हिस्सेदारांची नाराजी आणि तालुक्याच्या फेऱ्या आल्याच.

आमच्या व्यापारी वाचकांना हें कांहीं नवें नाहीं. घरचा कर्ता गेल्यावर त्या बाईचें नांव सातबाऱ्यावर चढलें कीं नाहीं, हें पेठेंत लपत नाहीं. सरकारी खरेदीला सातबारा लागतो. म्हणून पेरणी, निंदणी, वेंचणी तिची, काट्यावर उभी राहते तीच, आणि पट्टी निघते ती सासऱ्याच्या नांवानें.