मित्रावर एकतर्फी निकाल नको!

रविवारी सकाळी विहारात वंदना संपते. त्रिसरण-पंचशील घेऊन माणसे बाहेर येतात, चपला पायात सरकवतात आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा येईपर्यंत कोर्ट भरलेले असते. आरोपी हजर नसतो. त्याला समन्स गेलेले नसते. त्याच्या बाजूने वकील नसतो. 'तो आता साहेब झाला.' 'त्याने सोसायटीत फ्लॅट घेतला आणि दारावर आडनाव लावले नाही.' 'तो परवा त्या गटाच्या स्टेजवर दिसला, म्हणजे विकला गेला.' चहाचे ग्लास रिकामे होईपर्यंत दोन-तीन निकाल लागलेले असतात. खोटे बोलणार नाही हे शील आपण पाच मिनिटांपूर्वीच घेतले आणि चहाडी हाही वाणीचाच दोष आहे असे तथागतांनी सांगितले, याची आठवण कोणालाच नसते.

आम्ही हे दुरून पाहून लिहीत नाही. या कोर्टात आम्ही स्वतः न्यायाधीश म्हणून बसलो आहोत आणि एक निकाल असा दिला आहे की त्याची बोचणी आजही जात नाही. म्हणूनच हा लेख.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. पुढे नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रभर समाज रस्त्यावर उतरला. आम्ही तेव्हा नुकतीच सनद घेतली होती. काळा कोट नवा होता आणि रक्त गरम होते. आमच्या शहरात मोर्चा निघाला त्या दिवशी सगळे होते, फक्त एक मित्र नव्हता. हा मित्र साधा नव्हे. मागासवर्गीय मुलांच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलेलो, एका डब्यात जेवलेलो, परीक्षेची फी एकमेकांच्या खिशातून भरलेली. तो नुकताच सरकारी नोकरीला लागला होता. मोर्चाच्या दिवशी त्याने फोन उचलला नाही. संध्याकाळी आम्ही निकाल दिला. याला नोकरी मिळाली आणि हा समाजाला विसरला.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल खंत व्यक्त केली होती. ती खंत एका बापाची होती. आम्ही तिचे हत्यार केले आणि ते पहिल्यांदा चालवले ते आपल्याच मित्रावर. चार महिन्यांनी त्याचे वडील वारले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आमच्यापैकी एकही जण गेला नाही. कोणी ठराव केला नव्हता, कोणी कोणाला अडवले नव्हते, तरी सगळ्यांना ते ठाऊक होते. पिढ्यान्पिढ्या ज्या समाजाने बहिष्काराचे चटके सोसले, त्याच समाजाच्या शिकलेल्या पोरांनी एका घरावर मरणाच्या प्रसंगी अघोषित बहिष्कार टाकला. पुढे महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा झाला, २०१७ पासून तो अमलात आला. त्यावर आम्ही ठिकठिकाणी व्याख्याने दिली. व्याख्यान देताना तो मित्र आम्हाला आठवला नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

आठवला तो २०१८ मध्ये. १ जानेवारीला भीमा कोरेगावला हल्ला झाला, ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला आणि त्यानंतर वस्त्यावस्त्यांतून पोरांवर गुन्हे दाखल झाले. आमच्याकडेही अशी पोरे आली. जामीन झाले, तारखा सुरू झाल्या. मग एकेक जण विचारू लागला, "वकीलसाहेब, भरतीत नाव लागलं आहे, चारित्र्य पडताळणीत हा गुन्हा दिसेल का?" एका मुलाची आई कोर्टाच्या व्हरांड्यात बसून रडत होती. घरातली पहिली नोकरी हातातोंडाशी आली होती आणि फौजदारी प्रकरण आडवे आले होते. त्या पोरांचे कागद तयार करताना आमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. २००६ मध्ये आमचा मित्र परिविक्षेवर होता. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ हे सरकारी नोकराला कोठे उभे राहू देतात आणि कोठे नाही, हे आम्ही कायदा शिकलेल्या माणसांनी त्याला समजावून सांगायला हवे होते. आम्ही ते त्याच्यासाठी कधी उघडूनही पाहिले नाहीत. आम्हाला गमवायला काही नव्हते. त्याच्या पगारावर पाच माणसे जगत होती.

आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याने चहा केला. बरेच इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, "मी भ्यालो होतो, हे खरं आहे. पण तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू विचारलंच नाहीस."

वाचकहो, येथे त्याने गुपचूप चळवळीला मदत केली होती वगैरे काही निघाले नाही. तसे निघाले असते तर हा लेख लिहिणे सोपे झाले असते. तो भ्याला होता, एवढेच खरे होते. प्रश्न असा आहे की भिणाऱ्या मित्राला काय शिक्षा असावी? आणि ती ठरवण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला?

आम्ही वकिली करतो म्हणून कायद्याच्या भाषेत बोलतो. प्रतिवादी हजर नसताना लागलेल्या निकालाला एकतर्फी निकाल म्हणतात. पण दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मध्ये तो निकालही अखेरचा नसतो. समन्स नीट बजावले नव्हते किंवा गैरहजेरीला पुरेसे कारण होते, हे प्रतिवादीने दाखवले तर तो हुकूमनामा रद्द होतो. त्यासाठीच्या अर्जाची मुदत तीस दिवसांची असते. आमच्या प्रकरणात मात्र सगळेच उलटे घडले. चूक न्यायाधीशाची होती आणि अर्जही न्यायाधीशालाच करावा लागला, तोही बारा वर्षांनी. विलंब माफ करणे सर्वस्वी मित्राच्या हाती होते. त्याने तो माफ केला, हा त्याचा मोठेपणा. मैत्री पूर्वीसारखी झाली असे आम्ही खोटे लिहिणार नाही. आम्ही भेटतो, बोलतो. मात्र वडिलांचा विषय आजही दोघेही टाळतो.

यातून आम्ही तीन गोष्टी शिकलो. त्या कायद्याच्या पुस्तकात होत्याच, पण जगण्यात उतरल्या नव्हत्या.

पहिली गोष्ट. ऐकीव गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. १८७२ च्या पुरावा कायद्याने हे सांगितले आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. ज्याने पाहिले त्याने सांगावे. 'अमक्याने सांगितले की तमका असे म्हणाला' हे कोर्टात चालत नाही. तथागतांनी कालामांना तेच सांगितले होते. केवळ ऐकिवात आहे म्हणून स्वीकारू नका, स्वतः तपासा. हे सुत्त आपण देवाधर्माच्या विरोधात नेहमी वापरतो. शेजाऱ्याबद्दलच्या कुजबुजीला ते लावतो का? आज तर मोबाईलवर आलेला एक अर्धवट फोटो पुरतो. कोण कोणाच्या शेजारी बसला आहे एवढ्यावरून माणसाची तीस वर्षांची निष्ठा निकालात निघते.

दुसरी गोष्ट. निवाडा कृत्याचा करावा, माणसाचा नव्हे. फौजदारी खटल्यात आरोपीचे पूर्वीचे वाईट चारित्र्य पुरावा म्हणून पुढे आणता येत नाही. अपवाद आहेत, पण नियम हाच. 'तो मोर्चाला आला नाही' हे कृत्य झाले. 'तो समाजद्रोही आहे' ही जन्मभराची पाटी झाली. आणि जन्मभराची पाटी माणसाच्या कपाळावर लावणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला हवे का? जातीव्यवस्था दुसरे काय करत आली?

तिसरी गोष्ट. दुसऱ्या पक्षाचे ऐकल्याशिवाय निर्णय नाही. हा नैसर्गिक न्यायाचा पाया आहे. आमच्या मित्राच्या बाबतीत त्याला एक फोन, एक भेट पुरेशी होती.

याची किंमत फक्त दोन मित्रांनी मोजली असती तर वृत्तपत्रात लिहिण्याचे कारण नव्हते. पण चळवळीचा इतिहास पाहा. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि १९५९ मध्येच 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे गट पडले. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली आणि १९७४ मध्ये फुटली. बुद्ध की मार्क्स हा प्रश्न खरा होता, त्यावर कडाडून वाद व्हायलाच हवा होता. मतभेद हे जिवंत चळवळीचे लक्षण आहे. पण मतभेदाची भाषा हळूहळू चारित्र्याची भाषा झाली. चुकतो आहेस असे म्हणायचे तेथे विकला गेलास असे म्हटले गेले. पहिल्या वाक्यानंतर चर्चा होऊ शकते, दुसऱ्या वाक्यानंतर फक्त पाठ फिरवता येते. गावोगावी दोन जयंत्या, दोन मिरवणुका आणि भावाभावांचे बंद झालेले बोलणे, हे त्या पाठ फिरवण्याचे फळ आहे.

मग कोणाचाच निवाडा करू नये काय? कोणी विचारेल, अत्याचाराच्या खटल्यात पैसे घेऊन फितूर होणाऱ्या साक्षीदारालाही मित्र म्हणायचे का? निळा झेंडा गाडीला लावून ठेकेदारी करणाऱ्याला डोक्यावर घ्यायचे का? मुळीच नाही. भिणारा वेगळा आणि दगा देणारा वेगळा. भिणाऱ्याने स्वतःचा जीव वाचवला, दगा देणाऱ्याने दुसऱ्याचा न्याय विकला. हा फरक न कळणे हीच आपली चूक आहे. आपण दोघांना एकच शिक्षा देतो. किंबहुना दगा देणारा ताकदवान असला तर त्याला हार घालतो आणि भिणारा गरीब असला तर त्याला वाळीत टाकतो.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात मित्र ओखळण्याची अगदी व्यवहारी कसोटी दिली आहे. चार मित्र खोटे असतात. केवळ घेणारा, केवळ बोलणारा, गोड गोड बोलून माना डोलवणारा आणि नाशाच्या वाटेवर सोबत करणारा. चार मित्र खरे असतात. उपयोगी पडणारा, सुखदुःखात सारखा राहणारा, हिताची गोष्ट सांगणारा आणि सहानुभाव असणारा. यात कोणाची जात नाही, पक्ष नाही, गट नाही. सारे काही वागण्यावरून ठरते. या कसोटीवर आम्ही आधी मित्राला नव्हे, स्वतःला घासून पाहिले. मित्राच्या दुःखात आम्ही सारखे राहिलो नव्हतो. हिताची गोष्टही सांगितली नव्हती. खोट्या मित्रांच्या यादीत केवळ बोलणारा जो आहे, तो आम्हीच निघालो.

हीच कसोटी जातीबाहेरच्या मैत्रीलाही लागू आहे. ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा मित्र डबा वाटून खातो आणि एक दिवस सहज म्हणतो, 'तुमचं बरं आहे, तुम्हाला सवलती आहेत.' काही जण हसून गिळतात आणि वर्षानुवर्षे आतून जळतात. काही जण त्याच क्षणी संबंध तोडतात. आमचे म्हणणे असे की एकदा त्याला समोर बसवून स्पष्ट सांगावे, घराण्याचा इतिहास सांगावा, संविधान सांगावे. त्यानंतर तो ऐकतो की पुन्हा तोच विनोद करतो, यावर त्याचा निवाडा करावा. पुन्हा करत असेल तर ती मैत्री सोडण्यात कसलाही अपराध नाही. स्वाभिमान गहाण टाकून टिकवायची गोष्ट म्हणजे मैत्री नव्हे.

महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी जेधे-जवळकर यांनी पाठिंबा देताना सत्याग्रहात ब्राह्मणांना घेऊ नये अशी अट घातली होती. बाबासाहेबांनी ती नाकारली. आपला झगडा ब्राह्मण्याशी आहे, ब्राह्मण म्हणून जन्मलेल्या प्रत्येक व्यक्तीशी नाही, ही त्यांची भूमिका होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मणच होते. बाबासाहेबांना लंडनच्या शिक्षणासाठी पैसे उसने देणारे नवल भथेना पारशी होते. बाबासाहेबांनी माणूस जन्मावरून तोलला नाही आणि कोणाला फुकटचे प्रमाणपत्रही दिले नाही.

आणखी एक कटू गोष्ट लिहिलीच पाहिजे. खैरलांजीत मायलेकींची हत्या झाल्यावर त्या माऊलीच्या चारित्र्यावरही चिखल उडवला गेला. तेव्हा आपण पेटून उठलो, ते योग्यच होते. पण आपल्या वस्तीतली मुलगी नोकरीवरून रात्री उशिरा आली, शहरात एकटी खोली घेऊन राहिली किंवा तिने स्वतःच्या मनाने लग्न ठरवले तर आपल्या ओट्यावर काय बोलले जाते? खैरलांजीच्या बायांविषयी परक्यांनी बोललेले आपल्याला टोचते आणि आपल्या लेकींविषयी आपण बोललेले टोचत नाही, हा कोणता न्याय?

स्वातंत्र्य आणि समता यांना टिकवून धरते ती बंधुता, आणि बंधुतेसाठी अधिक योग्य शब्द तथागतांचा 'मैत्री' हा आहे, असे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. आपण मैत्रीचा अर्थ गाथेत शोधतो. ती रोजच्या व्यवहारात, टपरीवरच्या चहात, न उचललेल्या फोनमागचे कारण विचारण्यात असते.

म्हणून समाजबांधवांना एवढीच विनंती आहे. येत्या रविवारी टपरीवर कोणाचा खटला सुरू झाला की एकाने तरी उठून विचारावे, 'त्याला कोणी विचारले का?' आणि ज्याच्यावर आपण पूर्वी एकतर्फी निकाल दिला असेल, त्याच्या दारावर जाऊन यावे. त्याचे वडील जिवंत आहेत तोवर जावे. आम्हाला ते जमले नाही.

जयभीम!