मैदानाला म्हणे राजकारणाचा विटाळ होतो

‘खेळात राजकारण आणू नका, गाण्यात तर मुळीच नको’ हे टपरीवर आणि टीव्हीवर इतक्या सहजपणे म्हटलं जातं, की त्यावर उलट प्रश्न करणारा माणूसच रसभंग करणारा ठरतो. असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं काय, तर आठवडाभर फुटाफुटी आणि आघाड्या ऐकून कान किटलेले असतात, निदान सामना आणि मैफल तरी सोवळ्यात राहू द्या. भावना समजते. पण ज्या सोवळ्याची गोष्ट चालली आहे ते कधी होतं कुठे?

पालवणकर बाळू घ्या. पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यात मैदानाची निगा राखता राखता साहेबांना गोलंदाजी टाकणारा हा चांभाराचा पोरगा. पुढे हिंदूंच्या संघात आला तो त्याच्याशिवाय भागेना म्हणून. चेंडू त्याच्याच हातून घ्यायचा आणि चहा मात्र त्याला पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात द्यायचा, अशी ती व्यवस्था होती. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. ते 1923 साली त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळालं, तेही बरंच भांडण झाल्यावर. हाच बाळू 1932 च्या पुणे कराराच्या सह्यांमध्ये आहे आणि 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे थेट डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभा आहे. पडला, ती गोष्ट वेगळी. आता या माणसाच्या डावखुऱ्या फिरकीतून राजकारण वजा करून दाखवा.

बरं, हा झाला इतिहास. अलीकडचं बोलू. वानखेडे स्टेडियम ज्या शेषराव वानखेड्यांच्या नावाचं आहे, ते विधानसभेचे अध्यक्ष होते. 2001 साली मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदासाठी अजित वाडेकर उभे राहिले. 1971 मध्ये वेस्ट इंडिज आणि इंग्लंड, दोन्हीकडे मालिका जिंकून आणणारा कर्णधार. समोर शरद पवार होते आणि पवार जिंकले. दहा वर्षांनी दिलीप वेंगसरकर उभे राहिले, लॉर्ड्सवर तीन कसोटी शतकं ठोकलेले. त्यांना विलासराव देशमुखांनी पाडलं. मी नेत्यांना बोल लावत नाही, पवारांना कारभार कळतो हे त्यांचे विरोधकही मान्य करतील. प्रश्न मतदारांचा आहे. मतं होती मैदानावरच्या क्लबांची, म्हणजे ‘आम्ही फक्त क्रिकेट बघतो’ म्हणणाऱ्या आपल्याच मंडळींची. 2025 मध्ये ग्रँड स्टँडच्या तिसऱ्या मजल्याला पवारांचं नाव दिलं, चौथ्याला वाडेकरांचं. मतपेटीत खाली राहिलेले वाडेकर स्टेडियमात तेवढे एक मजला वर चढले.

गाण्यात तर हा युक्तिवाद आणखीनच लंगडा पडतो. अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांच्या पोवाड्यांशिवाय संयुक्त महाराष्ट्राची चळवळ कशी दिसली असती? अण्णाभाऊंची ‘मैना’ तर गावाकडे राहिलेल्या बायकोची आठवण काढता काढता सीमाभागावर बोलते. तिच्यातला शृंगार कुठे संपतो आणि मागणी कुठे सुरू होते, हे सांगता येत नाही, आणि तीच तिची ताकद आहे. शाहीर साबळ्यांच्या आवाजात घराघरात पोचलेलं गीत 2023 साली सरकारने राज्यगीत केलं. छान झालं. त्याच वर्षी ‘खोक्यां’वर गाणं करणाऱ्या एका मराठी रॅपरवर गुन्हा दाखल झाला. राजकीय गाणं जुनं झालं की अभिमानाचं होतं. ताजं असलं की पोलीस ठाण्यात जातं.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम पुरावा. जानेवारी 1999, चेन्नई. सचिनच्या 136 नंतरही भारत 12 धावांनी हरला आणि चेपॉकने उभं राहून पाकिस्तानच्या संघाला टाळ्या दिल्या. बघा, ते म्हणतात, खेळ असा राजकारणाच्या वर असतो. मला हे नेमकं उलट दिसतं. त्याच महिन्यात दिल्लीत कोटलाची खेळपट्टी खणली गेली होती, मुंबईत क्रिकेट मंडळाच्या कार्यालयाची मोडतोड झाली होती. असं सगळं चालू असताना उभं राहून टाळी वाजवणं हीसुद्धा भूमिकाच होती, आणि त्या महिन्यात ती सोपी नव्हती.

मग माझं म्हणणं काय? रसिकाला मत असावं, ते त्याने उघड बोलावं, वाटलं तर तिकीट काढू नये, टीव्ही बंद ठेवावा. दुसऱ्याचा टीव्ही मात्र बंद करू नये. शिवसैनिकांनी 1991 साली वानखेडेची खेळपट्टी खणणं किंवा 2015 साली षण्मुखानंदातला पाकिस्तानी गायक गुलाम अलींचा कार्यक्रम धमकीने रद्द करायला लावणं याला मी राजकारण म्हणत नाही, ती दांडगाई. माझा विरोध तिला आहे. शिवसेनेला पाकिस्तानबद्दल जे वाटतं ते म्हणण्याचा तिला पूर्ण हक्क होता. कुदळ उचलण्याचा नव्हता.

2025 च्या आशिया चषकाबद्दलही माझं मत सांगून टाकतो. त्याआधी पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात महाराष्ट्राचे सहा जण मारले गेले. त्यानंतर पाकिस्तानशी खेळायचंच नाही, असं ठरलं असतं तर मी ते समजून घेतलं असतं. पण तीनदा खेळायचं, प्रक्षेपणाचे पैसे पदरात पाडून घ्यायचे आणि हस्तांदोलन तेवढं टाळायचं, हे मला पटलं नाही. कर्णधार सूर्यकुमार आमचा मुंबईचा, त्याच्या फटक्यांवर माझा जीव आहे; तरी पटलं नाही. आणि गंमत अशी, की त्या न मिळवलेल्या हातांवर खूश झालेली मंडळीच एखादा गायक सरकारवर बोलला की ‘कलाकाराने फक्त कला करावी’ म्हणून सांगायला येतात.

तुमच्यापैकी कोणी एखाद्या क्रिकेट क्लबाचा सभासद असेल, तर वार्षिक सभेला जरूर जा. असोसिएशनच्या निवडणुकीत आपल्या क्लबाचं मत कोणाला आणि का गेलं, हे उभं राहून विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.