‘छंद’ नावाचा रकाना

प्रवेश अर्जावर ‘छंद’ असा एक रकाना असतो. असेल दीड बोट उंचीचा. दरवर्षी प्रवेशाच्या वेळी आम्ही सारे विद्यार्थी त्या दीड बोटात एकमुखाने खोटे बोलतो. ‘वाचन, संगीत, क्रिकेट’ एवढे लिहिले की काम भागते. कारकून ते वाचत नाहीत, प्राध्यापक वाचत नाहीत, आणि लिहिणाराही पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या अर्जात पाहूनच उतरवतो. मीही दोन वर्षे हेच केले. वास्तविक त्या काळात माझा सर्वांत मोठा छंद म्हणजे रात्री साडेदहानंतर कानांत हेडफोन घालायचा, तीन सवंगड्यांबरोबर एका काल्पनिक बेटावर उतरायचे आणि शंभरातले शेवटचे चार उरेपर्यंत तग धरायचा. मी ऑनलाइन गेम खेळणारा विद्यार्थी आहे. हे वाक्य लिहिताना अजूनही गुत्त्यावर जातो असे सांगितल्यासारखे वाटते. या संकोचाविषयीच मला चार शब्द लिहायचे आहेत.

मित्रहो, पहिली गोष्ट ही की मोबाइल आम्ही हट्टाने मिळवला नाही. २०२० साली टाळेबंदीत शाळेनेच तो आमच्या हातात दिला. मी तेव्हा नववीत होतो. गणिताचा तास ज्या काचेवर संपे, त्याच काचेवर पाच मिनिटांनी बेट उघडे. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजीवर बंदी घातली तेव्हा आमच्या गल्लीतल्या घराघरांतून आयांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण तो फार दिवस टिकला नाही. जुलै २०२१ मध्ये त्याच खेळाची भारतीय आवृत्ती आली, जुलै २०२२ मध्ये ती बंद झाली आणि मे २०२३ मध्ये पुन्हा अवतरली. या वेळी मात्र अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास आणि मोठ्यांना सहा तास अशी मर्यादा घालून. सहा तास! एवढा वेळ रोज अभ्यास करणारा कोणी आपल्या वर्गात असेल तर त्याने हात वर करावा.

आता या बेटाने मला काय दिले ते सांगतो. पहिले म्हणजे कन्नड. शाळेत तो विषय होताच, पण उत्तीर्ण होण्यापुरता. परीक्षा संपली की अक्षरेही सुट्टीवर जात. पुढे खेळता खेळता माझ्या चमूत एक हुबळीचा आणि एक बागलकोटचा असे दोघे आले. गोळीबार चालू असताना व्याकरण आठवत बसायला सवड नसते. ‘एडक्के नोडो!’ असे कोणी ओरडले. मी उजवीकडे पाहिले आणि मेलो. एड म्हणजे डावे आणि बल म्हणजे उजवे हे त्या रात्रीपासून मी कधी विसरलो नाही. सहा महिन्यांत माझे कन्नड धावू लागले. त्या गुर्मीत एकदा बसमध्ये वाहकाला म्हणालो, ‘टिकेट कोडो.’ वडिलांच्या वयाचा माणूस. त्याने तिकीट दिले आणि शांतपणे म्हणाला, ‘कोड्री अन्नबेकु, तम्मा.’ म्हणजे ‘द्या हो’ म्हणावे, बाळा. तेव्हा ध्यानात आले की माझे सारे कन्नड हे लढाईतले, एकेरी आणि आज्ञार्थी होते! आदराचा ‘री’ मला बागलकोटच्या मित्राच्या आईने शिकवला. खेळ चालू असताना ती मागून विचारते, ‘ऊट आतेन?’ जेवण झाले का? मीही आता ‘आत्री’ म्हणून उत्तर देतो. आपल्या या अंकाचे दोन विभाग एकाच पुठ्ठ्यात राहतात, पण मराठी विभाग वाचणारा कन्नड विभागाची पाने उलटतो ती बहुधा छायाचित्रे पाहण्यासाठीच. मीही तेच करीत होतो.

दुसरे म्हणजे पदार्थविज्ञान. खेळात ‘पिंग’ नावाचा एक आकडा सतत दिसतो. आपला संदेश दूरच्या यंत्रापर्यंत जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले, तो हा आकडा. तो वाढला की आपण शत्रूला पाहण्याआधीच मेलेले असतो. एकदा वैतागून वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हवाई अंतर साधारण ३,९०० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन निदान ३९ मिलिसेकंद तरी लागणारच. समुद्रातली केबल सरळ रेषेत जात नाही, तेव्हा जास्तच. काचेचा अपवर्तनांक दीडच्या आसपास असतो हे वाक्य मी बारावीत घोकले होते. त्याच्याशी माझ्या मरणाचा काही संबंध आहे हे त्या दिवशी कळले.

तिसरा छंद या खेळातून दुसऱ्या खेळाकडे आणि तिथून थेट मातीकडे गेला. दिवाळीत आपल्याकडची पोरे अंगणात किल्ला करतात. मोठे झालो म्हणून मी ते सोडले होते. माइनक्राफ्ट नावाच्या खेळात ठोकळ्यांवर ठोकळे रचून काहीही बांधता येते आणि एक ठोकळा म्हणजे एक मीटर असे प्रमाण असते. येळ्ळूरचा राजहंसगड त्यात उभा करावा असे मनाने घेतले. पण गडाची मापे कुठून आणायची? म्हणून सायकल काढली. तटावरून पावले मोजत हिंडलो, सिद्धेश्वराच्या देवळापाशी बसून वहीत उतरवून घेतले. घरी येऊन रचू लागलो तर तट एका जागी जुळेना, पुन्हा गेलो. या गडावर मी लहानपणापासून कितीतरी वेळा गेलो असेन; पाहिला मात्र आता.

इतके वाचून प्राध्यापक मंडळी म्हणतील, ‘पोरगा वकिली चांगली करतो.’ म्हणून उरलेलेही सांगून टाकतो. तिसऱ्या सत्रात माझा गणिताचा पेपर राहिला. प्रश्न अवघड नव्हते. मी पहाटे तीनला झोपत होतो. त्याच सुमारास घरी एकदा आईने आजोबांची पेटी पुसायला काढली आणि काही न बोलता तशीच ठेवून दिली. भात्याच्या कडेला बोटभर धूळ होती. शनिवारी सायंकाळी पेटी वाजवायचा माझा नेम होता. तो केव्हा मोडला ते मला सांगता येईना. गडाची वही कुठे होती तेही आठवेना. नापास झाल्यापेक्षा याचीच मला जास्त भीती वाटली. मी काही सोडले नव्हते, सारे आपोआप गळून गेले होते, आणि बेट तेवढे उरले होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा विकार आला आहे. ती आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. लक्षणे वाचली. खेळावरचा ताबा सुटणे, इतर आवडी आणि रोजचे व्यवहार मागे पडून खेळालाच अग्रक्रम मिळणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, आणि हे साधारण वर्षभर चालणे. त्यात तासांचा आकडा कुठेच नाही. आमच्या घरी आणि कॉलेजात मात्र एकच प्रश्न विचारला जातो, ‘किती तास खेळतोस?’ त्यावर आम्ही एकच उत्तर देतो, ‘थोडा वेळ.’ माझ्या मते प्रश्न चुकीचा आहे. ‘आणखी काय काय करतोस?’ असे मला कोणी दुसऱ्या सत्रात विचारले असते तर मी चाचरलो असतो, आणि तेवढ्यावरून विचारणाऱ्याला सारे उमगले असते.

साधनावरून छंदाची जात ठरवणेही मला पटत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये बुद्धिबळाचे ऑलिंपियाड संगणकावर झाले. अंतिम फेरीत इंटरनेट तुटल्याने निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचा वेळ संपला, आणि शेवटी भारत व रशिया यांना संयुक्त विजेते ठरवण्यात आले. तेव्हा ‘पोरे मोबाइलवर खेळतात’ असे कोणी म्हटले नाही. उलट पत्ते हे तर किती जुने साधन! माझ्या एका वर्गमित्राने मोबाइलवर पैसे लावून रमी खेळण्यात सत्राची फी घालवली आणि दोन महिने घरी खोटे सांगितले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून असे पैशांचे ऑनलाइन खेळ बेकायदा ठरवले, आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. हा भेद दिल्लीला कळतो. जिमखान्यात मात्र अजून दोन्हींना एकच नाव आहे : टाइमपास.

खेळगड्यांनाही एक सांगायचे आहे. ‘मी यातच करिअर करणार’ हे वाक्य आपण बहुतेकदा वडिलांना गप्प करण्यासाठी वापरतो. हांगचौच्या आशियाई खेळांत २०२३ साली ई-स्पोर्ट्सना पदके होती, हे खरे. पण आपल्यापैकी किती जण तिथवरच्या खेळाडूंइतका सराव करतात, आणि किती जण नुसते झोप येत नाही म्हणून खेळतात? मी दुसऱ्या प्रकारातला होतो.

जिमखान्याने कॅरमच्या शेजारी या खेळांची स्पर्धा ठेवावी. दिवसाढवळ्या, दिवाणखान्यासारख्या उघड्या जागी, सर्वांसमोर. सर मंडळींनीही येऊन पाहावे. गोधडीत लपून खेळलेला खेळ कुणालाच थांबवता येत नाही.

राहिलेला पेपर सुटला. पेटी उघडली आहे, दोन स्वर मात्र बसले आहेत. यंदाच्या अर्जात मी लिहिले : ‘ऑनलाइन गेम, पेटी, किल्ला मोजणे, कन्नड बोलणे.’ रकाना पुरला नाही, शेवटचे दोन शब्द समासात गेले. कारकुनांनी चष्म्यावरून पाहिले आणि हळूच विचारले, ‘आमचा धाकटा पण खेळतो. रात्री झोपतोस की नाही रे तू?’ त्यांना खरे उत्तर द्यायला पाच मिनिटे लागली, आणि मागची रांग खोळंबली.

हुबळी-बागलकोटचे दोघे पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच बेळगावला येत आहेत. त्यांना घेऊन राजहंसगडावर जायचे आहे. एक बुरूज अजून मोजायचा राहिला आहे, तो गोल असल्यामुळे पावलांनी जमत नाही. कोणाकडे पन्नास मीटरची टेप असेल तर कृपया कळवावे, मराठी वा कन्नड कोणत्याही विभागात.