सोन्याच्या वासराचा गुन्हा काय होता?

पैशाच्या हव्यासावर कोणी बोलू लागले की सोन्याचे वासरू ठरल्यासारखे हजर होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये ‘इव्हांजेली गाउदियुम’ या आपल्या पत्रात आजच्या अर्थव्यवस्थेचे वाभाडे काढले, तेव्हा त्यांनीही हेच वासरू पुढे आणले: त्याची पूजा नव्या आणि निष्ठुर रूपात परत आली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. उपमा चटकन समजते, म्हणून ती चालते. पण हिब्रू धर्मग्रंथातली मूळ कथा उघडली तर तिच्यात हव्यास कुठे सापडत नाही. तिथे माणसे सोने साठवत नाहीत, उलट बायकामुलांच्या कानांतली कुंडले उतरवून देतात. लोभी माणसाचे हे लक्षण नव्हे. वासरू परक्या देवाचे होते म्हणून देव कोपला, हे दुसरे नेहमीचे स्पष्टीकरणही ग्रंथाच्याच पुराव्यासमोर टिकत नाही. माझे म्हणणे असे की, ते वासरू इस्राएलच्या स्वतःच्या देवाचे, याहवेचे, जुने आणि एके काळी मान्य असलेले चिन्ह होते. त्याला पाप ठरवले ते एका राज्याने दुसऱ्या राज्याच्या देवस्थानांविरुद्ध दिलेल्या निकालाने. आणि बैलाला देव्हाऱ्याबाहेर काढणाऱ्या त्याच ग्रंथात बैल जागोजागी मानाने उभा आहे.

‘निर्गम’ ग्रंथाचा बत्तिसावा अध्याय सावकाश वाचावा. इस्राएल लोकांना मिसरच्या गुलामीतून बाहेर आणणारा मोशे सीनाय पर्वतावर गेला आहे, परत येण्याचे चिन्ह नाही. लोक घाबरून अहरोनाकडे येतात. अहरोन म्हणजे मोशेचा सख्खा भाऊ आणि सगळ्या याजकांचा मूळपुरुष. तो सोने वितळवून वासरू घडवतो, त्यापुढे वेदी बांधतो आणि उद्या उत्सव आहे अशी दवंडी देतो. उत्सव कोणाचा? कनानी देव बआलचा नव्हे, मिसरी देवाचा नव्हे. ग्रंथ स्वच्छ सांगतो की उत्सव याहवेचा. पुढे मोशे खाली उतरतो, वासरू जाळून त्याची भुकटी करतो, ती पाण्यात मिसळून लोकांना पाजतो. लेवी वंशातले लोक त्याच्या हाकेला धावतात आणि सुमारे तीन हजार माणसे कापली जातात. अहरोनाला मात्र शिक्षा नाही. त्याचा खुलासा तर वाचण्यासारखाच आहे: मी सोने आगीत टाकले आणि त्यातून हे वासरू निघाले! आणखी एक गोम आहे. वासरू एकच, पण मिसरातून आणणारे तुझे देव हेच, अशी घोषणा देताना लोक अनेकवचन वापरतात. एका मूर्तीसमोर अनेकवचन कशाला?

उत्तर ‘राजे’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात, बाराव्या अध्यायात मिळते. शलमोन राजा मेल्यावर, इ.स.पू. ९३० च्या सुमारास, राज्य फुटले. दक्षिणेत यरुशलेम आणि दाविदाचा वंश राहिला. उत्तरेकडच्या दहा वंशांनी यराबामाला राजा केले. यराबामापुढे पेच सरळ होता. आपली प्रजा सणावारी यरुशलेमच्या मंदिरात गेली तर मनही तिकडेच जाईल. म्हणून त्याने सोन्याची दोन वासरे घडवली, एक उत्तर टोकाला दान येथे आणि दुसरे दक्षिण सीमेवर बेथेल येथे बसवले आणि लोकांना सांगितले की मिसरातून आणणारे तुझे देव हे आहेत. निर्गमातली घोषणा जवळपास शब्दशः इथे भेटते, आणि इथे वासरे दोन असल्यामुळे अनेकवचनही शोभते. अहरोनाच्या दोन मुलांची नावे नादाब आणि अबीहू. यराबामाच्या मुलांची नादाब आणि अबीया. हा सगळा योगायोग मानायला मोठा भाबडेपणा लागेल. वाळवंटातली कथा, निदान आज दिसते त्या रूपात, यराबामाच्या वासरांवर नजर ठेवून सांगितली गेली आहे. यराबामाने लेवी नसलेल्यांना याजक नेमले, ही ‘राजे’ ग्रंथाची तक्रार. आणि वाळवंटातल्या कथेत वासराविरुद्ध तलवार उपसून देवाची मर्जी मिळवणारे नेमके लेवी. कोणाचा हक्क कोणी सांगितला आहे, हे वेगळे सांगायला नको.

आता यराबामाच्या जागी बसून विचार करावा. गादी नवी आहे, बंड ताजे आहे, लोकांच्या श्रद्धेला धक्का लागला तर राज्य जाईल. अशा वेळी कोणता शहाणा राजा अनोळखी देव आणून बसवील? त्याने निवडलेले बेथेल हे पूर्वज याकोबाच्या स्वप्नाशी जोडलेले प्राचीन तीर्थ होते. मूर्तीसाठीही त्याने लोकांच्या ओळखीचेच, यरुशलेमपेक्षा जुने वाटावे असे चिन्ह निवडले असणार. याला सर्वात भक्कम दुजोरा देणारा माणूस म्हणजे येहू. इ.स.पू. नवव्या शतकातल्या उत्तरेच्या या राजाने बआलच्या उपासकांना देवळात कोंडून कापले, देऊळ पाडून तिथे शौचकूप केले. याहवेसाठी इतका पेटलेला हा माणूस दान आणि बेथेलच्या वासरांना हात लावत नाही. त्याच्या आधी याहवेचा संदेष्टा एलीया कर्मेल डोंगरावर बआलच्या साडेचारशे संदेष्ट्यांना आव्हान देतो. दोन्ही बाजूंचा बळी गोऱ्हाच असतो. उत्तरेच्याच भूमीवर वावरणाऱ्या एलीयाच्या तोंडून वासरांविरुद्ध एक शब्द ग्रंथाने नोंदलेला नाही. वासरू परक्या देवाचे असते तर ही दोन माणसे गप्प बसली असती, हे मला पटत नाही.

जमिनीखालून निघालेला पुरावा याच दिशेने जातो. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्रा येथे १९२९ पासून उगारित नगर उकरले गेले. तिथल्या मातीच्या पाट्यांत कनानी देवांचा प्रमुख एल याचे बिरुदच बैल आहे. वादळाचा देव हदाद बैलाच्या पाठीवर उभा राहिलेला अनेक शिल्पांत दिसतो. अश्कलोन येथे १९९० मध्ये लॉरेन्स स्टेजर यांच्या उत्खननात मातीच्या छोट्या देवळीत ठेवलेले, चांदीने मढवलेले काशाचे वासरू सापडले. ते मोशेच्या परंपरेने मानलेल्या काळाहूनही जुने, कनानी. शोमरोनच्या टेकड्यांत अमिहाई माझार यांनी उकरलेल्या एका उघड्या पूजास्थानी काशाचा सुबक बैल मिळाला, तो इ.स.पू. बाराव्या शतकाच्या आसपासचा, म्हणजे इस्राएली वस्त्या उभ्या राहत होत्या त्या काळातला. हे स्थान कनानी की इस्राएली, यावर विद्वानांचे एकमत नाही, म्हणून त्यावर मी फार भार टाकणार नाही. पण उत्तरेच्या राजधानीत, शोमरोन येथे, १९१० मध्ये मिळालेल्या खापरांवर, तेल आणि द्राक्षारसाच्या हिशेबात, एका माणसाचे नाव आहे: एगेलयाव. त्यात वासरू आणि याहवे हे दोन्ही शब्द एकत्र आहेत. इ.स.पू. आठव्या शतकात उत्तरेतल्या कुणा आईबापांना हे नाव मुलाला ठेवावेसे वाटले, ही गोष्ट शंभर प्रवचनांहून बोलकी आहे.

वासरू मिसरातून, मेंफिसच्या आपिस बैलाच्या पूजेतून आले, असे जुने भाष्यकार सांगत आणि अजूनही काही जण सांगतात. पण आपिस हा जिवंत बैल असे. शिवाय यराबाम मिसरात आश्रयाला राहून आला होता हे खरे असले, तरी मिसरच्या गुलामीतून सोडवणाऱ्या देवाची आठवण मिसरी देवाच्या रूपात करा, असे लोकांना सांगण्याइतका तो खुळा नव्हता. बैल दाराशी होता. नाईलपर्यंत जायची गरज नव्हती.

याहून वजनदार आक्षेप मूर्तीबंदीचा आहे. दहा आज्ञांत कोरीव मूर्ती करू नये असे स्पष्ट म्हटले आहे; मग चिन्ह कोणाचे होते याने काय फरक पडतो? फरक पडतो, कारण ही बंदी यरुशलेमने स्वतःच्या मंदिराला सरसकट लावली नाही. शलमोनाच्या मंदिरात पंख पसरलेले करूब, म्हणजे स्वर्गीय प्राण्यांच्या मूर्ती, होते आणि याहवे त्यांच्यावर अदृश्यपणे बसलेला आहे अशी श्रद्धा होती. अमेरिकन संशोधक विल्यम ऑलब्राइट यांनी गेल्या शतकात मांडले की दान-बेथेलची वासरेही अशीच बैठक होती. देव त्यांच्या पाठीवर, न दिसणारा. म्हणजे दक्षिणेत करूब, उत्तरेत गोऱ्हा. इतकेच नव्हे, शलमोनाच्या मंदिराच्या अंगणात काशाचा प्रचंड जलकुंड बारा काशाच्या बैलांच्या पाठीवर उभा होता, तीन-तीन बैल चारही दिशांना तोंड करून. ते घडवून घेतल्याबद्दल ‘राजे’ ग्रंथ शलमोनाला बोल लावत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस मात्र लावतो: हे बैल करून शलमोनाने नियम मोडला, असे तो लिहितो. गंमत म्हणजे याच योसेफसने आपल्या इतिहासात सीनायच्या वासराची संपूर्ण कथा गाळली आहे. ओशाळेपणा असा पुढच्या पिढ्यांत वाढत गेलेला दिसतो. यहेज्केल संदेष्ट्याच्या पहिल्या दृष्टान्तात देवाचा रथ वाहणाऱ्या प्राण्यांना माणूस, सिंह, बैल आणि गरुड अशी चार तोंडे आहेत. दहाव्या अध्यायात बैलाच्या जागी करूब येतो. तालमूदमध्ये याचे कारण दिले आहे: बैल पाहून वासराच्या पापाची आठवण होईल, म्हणून यहेज्केलाने विनवणी करून तो बदलून घेतला.

माझ्या मांडणीला खरी अडचण आहे ती होशेयाची. तो इ.स.पू. आठव्या शतकातला, उत्तरेचाच संदेष्टा. शोमरोनच्या वासराचे तुकडे होतील, ते कारागिराने केले आहे, देव नाही, असे तो बजावतो. माणसे वासरांची चुंबने घेतात म्हणून हिणवतो. हा यरुशलेमच्या दरबाराचा हस्तक नव्हता, त्यामुळे सारे राजकारणच होते असे म्हणून त्याला झटकता येत नाही. त्याचा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्यात तथ्यही आहे. शंकरासमोरचा नंदी रोज पाहणाऱ्यांना ते लगेच कळेल: नंदी देवाचे वाहन, हे सर्वांना ठाऊक असते, तरी त्याच्या शिंगांमधून पिंडीचे दर्शन घेणारा भक्त त्याच्या कानातही काही सांगून येतो. चिन्ह आणि देव यांच्यातली रेघ पंडितांना दिसते, गर्दीला नेहमी दिसतेच असे नाही. इस्राएलमध्ये तर बैल बआलच्या कुळातही पूज्य होता, आणि लोक याहवेलाच बआल म्हणून हाक मारतात ही होशेयाची दुसरी तक्रार आहे. करूबांचे तसे नव्हते. ते गाभाऱ्याच्या अंधारात, जनतेच्या नजरेआड होते. तेव्हा दक्षिणेच्या निवडीत शहाणपण होते हे मान्य करतो. पण धोक्याचे चिन्ह वेगळे आणि परका देव वेगळा. होशेयाने पहिल्याबद्दल इशारा दिला, पुढे इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने उत्तरेचे राज्य बुडवल्यावर दक्षिणेच्या लेखकांनी त्या इशाऱ्याचे रूपांतर आरोपपत्रात केले. राज्य का बुडाले, तर यराबामाच्या पापामुळे. हरलेल्या पक्षाची बाजू लिहून ठेवायला कोणी उरले नव्हते.

खऱ्याखुऱ्या बैलाशी या ग्रंथाचे कधीच वैर नव्हते. योसेफाच्या वंशाला आशीर्वाद देताना मोशे त्याला प्रथम जन्मलेल्या गोऱ्ह्याची आणि रानबैलाच्या शिंगांची उपमा देतो. हा योसेफ उत्तरेच्या राज्याचा कणा, हेही लक्षात ठेवावे. ‘गणना’ ग्रंथात बलाम हा द्रष्टा तर देवाचेच सामर्थ्य रानबैलाच्या शिंगांसारखे मानतो. वेदीच्या चार कोपऱ्यांना शिंगे असत, आणि तशी दगडी वेदी बेर-शेबा येथे १९७३ मध्ये मिळाली आहे. प्रमुख याजकाच्या पापाचे क्षालन करायला गोऱ्हाच लागे; अहरोन याजकपदावर बसतो तेव्हा त्याचे पहिले पापार्पण वासराचे आहे, आणि वासराच्या अपराधाची क्षमा झाली हे दाखवण्यासाठीच ते तसे आहे, असे मध्ययुगीन भाष्यकार राशी सांगतो. कायद्यात बैलाला जवळजवळ माणसाचा दर्जा आहे. हम्मुराबीच्या संहितेत माणसाला भोसकणाऱ्या बैलाच्या मालकाला दंड आहे, बैलाला काही नाही. निर्गमात बैलालाच दगडांनी ठार करायचे आणि त्याचे मांसही खायचे नाही. जबाबदारी आली तसे हक्कही आले. मळणीच्या बैलाच्या तोंडाला मुसके बांधायचे नाही. शब्बाथाला मालकाबरोबर बैलालाही विश्रांती. कोकणातल्या बेने इस्रायलांना शनिवार तेली हे नाव पडले ते शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे, आणि घाणा बंद म्हणजे घाण्याच्या बैलालाही सुट्टी.

ग्रंथ सिद्ध करणाऱ्यांच्या हाती लेखणी होती. यहेज्केलाच्या पहिल्या अध्यायातला बैल, मंदिरातले बारा बैल, याहवेच्या उत्सवाची अहरोनाची दवंडी, येहूने न पाडलेली वासरे, हे सारे त्यांना खोडता आले असते. त्यांनी निकाल एकतर्फी दिला, पण कागदपत्रे जाळली नाहीत, आणि याबद्दल त्यांना पुरे श्रेय दिले पाहिजे. म्हणून ज्यांच्या घरी मराठी बायबल आहे त्यांना एकच सांगणे: निर्गमाचा बत्तिसावा अध्याय वाचाल तेव्हा ‘पहिले राजे’चा बारावाही लगेच वाचा, आणि आरोपी व फिर्यादी कोण ते स्वतः ठरवा.