बारा व्होल्टपासून सुरुवात

दापोली तालुक्यातल्या बुरोंडीच्या किनाऱ्यावर या आठवड्यात एक मुलगा होडीतला मंद दिवा दुरुस्त करत होता. बल्ब बदलण्याआधी त्याने मल्टिमीटर लावला: बॅटरीपाशी साडेबारा व्होल्ट, दिव्यापाशी जेमतेम नऊ. मधले साडेतीन खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या एका जोडाने गिळले होते. जोड घासला, दिवा लख्ख! मंडळी, वीज घरच्या घरी शिकायची तर अशीच, बारा व्होल्टवर. २४ वॉटचा दिवा १२ व्होल्टवर २ अँपिअर घेतो, म्हणजे पेटलेला असताना त्याचा रोध ६ ओहम. एवढा भागाकार आला की निम्मं भय जातं. या बॅटरीचा शॉक बसत नाही, पण शॉर्ट झाली तर तार लालबुंद होते, म्हणून फ्यूज आधी, दिवा नंतर. भिंतीतले २३० व्होल्ट मात्र वायरमनचे, तिथे हौस नको. शिकवायला कुणी नाही म्हणून अडू नका: संशोधक शंकर आबाजी भिसे यांनी यंत्रविद्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिक वाचून आत्मसात केली; आपल्या पोरांच्या हातात तर अख्खा मोबाइल आहे. आणि हे शिकायचं कशासाठी? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली तालुक्यातली गावंच्या गावं कितीतरी दिवस अंधारात होती. अंगणात गाडी उभी, तिच्यात भरलेली बॅटरी, आणि तिच्यावर दोन दिवे कसे लावायचे हे घरात कुणाला ठाऊक नाही, असं पुन्हा होता कामा नये. दहावी झालेल्या प्रत्येक मुलामुलीला घड्याळाऐवजी मल्टिमीटर द्या. साधा तर पाचशे रुपयांच्या आत येतो.